वाऱ्यात ठेवलेला दिवा : 'व्हेला एक्स-१' आणि क्ष-किरणांतून दिसणारा तारकीय वारा

एचडी ७७५८१ हा महाराक्षसी निळा तारा दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका वायू अवकाशात उधळतो. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण आपल्या सूर्याचा वारा याहून पाच कोटी पटींनी क्षीण आहे. वारा आजच्याच वेगाने वाहत राहिला तर सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात त्यापायी जे गमावील ते त्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाइतकेही भरणार नाही. या निळ्या ताऱ्यांचे तसे नाही. त्यांचे आयुष्य मोजक्या दशलक्ष वर्षांचे, आणि तेवढ्या अवधीत ते कित्येक सूर्यांच्या भाराइतका वायू घालवून बसू शकतात. अशा ताऱ्याचा शेवटी न्यूट्रॉन तारा होणार की कृष्णविवर, आणि कृष्णविवर झाले तर ते किती वजनाचे, याचा निकाल बऱ्याच अंशी या वाऱ्याच्या हिशेबावर लागतो. हा हिशेब चुकला तर ताऱ्यांच्या उत्क्रांतीची पुढची सगळी गणिते चुकतात.

हिशेब करण्याची रूढ पद्धत वर्णपटाची आहे. आपल्या दिशेने धावत येणारा वायू ताऱ्याच्या अतिनील प्रकाशातले काही रंग गिळतो. डॉपलर परिणामामुळे या शोषणरेषा निळ्या बाजूला सरकतात, आणि त्यांची कड कुठे संपते त्यावरून वाऱ्याचा अंतिम वेग काढता येतो. वाऱ्यात वायू किती आहे हे हायड्रोजनच्या तांबड्या उत्सर्जन-रेषेवरून अजमावतात. इथेच एक खाच आहे. या रेषेची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढाच वायू एकसारखा पसरला असेल तर तो कमी चमकतो, आणि गुठळ्या होऊन बसला असेल तर जास्त. त्यामुळे वारा एकजिनसी आहे असे धरून चालणारा निरीक्षक वस्तुमान फुगवून मोजतो. गुठळ्या आहेत की नाहीत हे दुरून, ताऱ्याच्याच प्रकाशात पाहून सांगणे अवघड. त्यासाठी वाऱ्याच्या आत एखादा दिवा ठेवता आला पाहिजे.

एचडी ७७५८१ च्या वाऱ्यात निसर्गाने असा दिवा ठेवलेला आहे. त्याचे नाव व्हेला एक्स-१.

दिव्याची ओळख

जहाजाच्या शिडाच्या नावाचा 'व्हेला' हा दक्षिणेकडचा तारकासमूह. त्यातल्या या क्ष-किरण स्रोताची पहिली नोंद १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या रॉकेट-निरीक्षणांत सापडते. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, तिथल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील मंचावरून 'उहुरू' हा उपग्रह उडाला. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. या उपग्रहाला व्हेला एक्स-१ ठरावीक काळाने नाहीसा होताना दिसला, म्हणजे कुणीतरी त्याला ग्रहण लावत होते. पुढे १९७६ साली 'सास-३' या उपग्रहाच्या नोंदींत २८३ सेकंदांचे स्पंदन सापडले आणि चित्र पुरे झाले. स्वतःभोवती पावणेपाच मिनिटांत एकदा फिरणारा चुंबकीय न्यूट्रॉन तारा ८.९६ दिवसांत एकदा एचडी ७७५८१ ला प्रदक्षिणा घालतो, आणि प्रत्येक फेरीत दीड ते दोन दिवस त्या अवाढव्य ताऱ्याच्या पाठीमागे दडतो.

मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान वीस-पंचवीस सूर्यांएवढे, त्रिज्या सूर्याच्या सुमारे तीसपट. न्यूट्रॉन ताऱ्याचे वस्तुमान पावणेदोन ते दोन सूर्यांच्या घरात, म्हणजे त्याच्या जातीत तो वजनदारच. आणि त्रिज्या मात्र अवघी बाराएक किलोमीटर. दोघांच्या केंद्रांमधले अंतर सुमारे पावणेचार कोटी किलोमीटर. बुधही सूर्यापासून याहून दूर आहे. त्यातले दोन कोटींहून अधिक किलोमीटर मोठ्या ताऱ्याच्या त्रिज्येतच जातात, तेव्हा न्यूट्रॉन तारा जवळजवळ त्याच्या अंगाला घासून फिरतो असे म्हटले तरी चालेल. वारा जिथे उगम पावतो आणि वेग घेतो, नेमक्या त्याच पट्ट्यात हा दिवा फिरतो आहे. ही जोडी आपल्यापासून सहा हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे.

दिव्याला तेल कुठून मिळते? वाऱ्यातूनच. न्यूट्रॉन ताऱ्याचे गुरुत्व वाऱ्यातला थोडा वायू ओढून घेते. हा वायू पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्याच्या स्थिर-ऊर्जेच्या जवळजवळ पाचव्या भागाइतकी ऊर्जा मोकळी होते. हायड्रोजनच्या अणुसंमीलनात हेच प्रमाण शेकडा ०.७ आहे. व्हेला एक्स-१ क्ष-किरणांत सरासरी एक हजार सूर्यांइतकी शक्ती ओततो. तिच्यावरून मागे हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे दोन हजार कोटी टन वायू त्या बारा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर पडतो असे निघते. तरीही ताऱ्याने उधळलेल्या एकूण वाऱ्याचा हा दहा हजारांतला तीनएवढाच वाटा आहे. बाकीचा वारा न्यूट्रॉन ताऱ्याला ओलांडून निघून जातो.

वेगाचा चौथा घात

हा वाटा कशावर ठरतो? १९३९ साली हॉइल आणि लिटलटन यांनी, आणि १९४४ साली बाँडी आणि हॉइल यांनी वाहत्या वायूतून जाणाऱ्या ताऱ्याचा प्रश्न सोडवला होता. न्यूट्रॉन ताऱ्यांचा शोध लागायला तेव्हा वीस-पंचवीस वर्षे होती, पण गणित इथे जसेच्या तसे लागू पडले. तत्त्व सोपे आहे. ताऱ्याजवळून जाणाऱ्या वायूची गतिज ऊर्जा गुरुत्वाच्या पकडीपेक्षा कमी असेल तर तो सापडला, जास्त असेल तर निसटला. त्यातून पकडीची एक त्रिज्या निघते आणि ती सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. पकडीचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलते, शिवाय वेगवान वारा विरळही असतो. सगळे मिळून पकडला जाणारा वायू वेगाच्या जवळजवळ चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येतो.

या चौथ्या घातामुळे साधा प्रश्नही फार नाजूक होऊन बसतो. व्हेला एक्स-१ च्या वाऱ्याचा अंतिम वेग पूर्वी सेकंदाला ११०० किलोमीटर धरत. अलीकडची वर्णपट-विश्लेषणे तो ६०० ते ७०० सांगतात. दीडपटीचा हा फरक, पण त्याने पकडीच्या हिशेबात सहापट फरक पडतो. त्यातही न्यूट्रॉन ताऱ्याशी जिथे गाठ पडते तिथे वारा अजून अंतिम वेगाला पोचलेलाच नसतो, कारण तो ताऱ्यापासून जेमतेम पाऊण त्रिज्या वर आलेला असतो.

आकडे घालून पाहू. तिथे वाऱ्याचा वेग ४०० आणि न्यूट्रॉन ताऱ्याचा कक्षेतला वेग ३०० किलोमीटर धरला, तर दोन्ही काटकोनात असल्याने सापेक्ष वेग ५०० येतो. पकडीची त्रिज्या एकोणीस लाख किलोमीटर, आणि पकडलेला वाटा दहा हजारांत आठच्या आसपास. प्रत्यक्षात तो तीन आहे. अशा ढोबळ गणितात हा मेळ चांगला म्हणावा. आता २०१८ साली मांडल्या गेलेल्या एका तपशीलवार प्रतिरूपात या ठिकाणी वारा सेकंदाला फक्त १०० किलोमीटरच्या घरात आहे असे निघाले. तोच आकडा आपल्या सूत्रात घातला की वाटा शंभरात एकाच्याही पुढे जातो, म्हणजे प्रत्यक्षाच्या चाळीसपट. मग एक तर वारा इतका संथ नाही, किंवा पकडलेला सगळा वायू खाली पडत नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. वारा कक्षेतल्या वेगाहून संथ असेल तर पकडलेल्या वायूत फिरकी शिल्लक राहते, तो सरळ खाली न येता चकतीसारखा घोळत राहू शकतो. आणि शेवटची काही हजार किलोमीटर न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र दाराशी उभे असते. या क्षेत्राचे माप क्ष-किरणांच्या वर्णपटातच उमटलेले आहे. २५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला दोन रुंद शोषण-खाचा दिसतात. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन ती ऊर्जा गिळतात. त्यावरून क्षेत्र अडीच लाख कोटी गॉसच्या पुढचे ठरते. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. असे दार प्रत्येक पाहुण्याला लगेच आत घेईल ही अपेक्षाच चूक आहे.

दिवा वाऱ्याला रोखतो

इथपर्यंत दिवा आणि वारा यांचा विचार वेगवेगळा केला. खरी गुंतागुंत यापुढे आहे.

सूर्याचा वारा तापलेल्या प्रभामंडळाच्या दाबाने सुटतो. निळ्या ताऱ्याचा वारा प्रकाशाच्या धक्क्याने सुटतो, आणि हा धक्का सरसकट सगळ्या वायूला बसत नाही. लोह, कार्बन, नायट्रोजन, सिलिकॉन अशा मूलद्रव्यांच्या अर्धवट सोललेल्या, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेल्या, अणूंना अतिनील प्रकाशात हजारो शोषणरेषा असतात. हे अणू प्रकाशकण गिळतात, त्यांचा संवेग घेतात आणि आजूबाजूच्या हायड्रोजनला ओढत नेतात. वायू वेग घेऊ लागला की डॉपलर परिणामामुळे त्याच्या रेषा ताऱ्याच्या वर्णपटातल्या ताज्या, न गिळलेल्या रंगांवर सरकतात आणि धक्का चालू राहतो. कॅस्टर, ॲबट आणि क्लाइन यांनी १९७५ साली या विचाराला जे गणिती रूप दिले तेच आजही पायाभूत मानले जाते.

आता या वाऱ्यात हजार सूर्यांचा क्ष-किरण दिवा ठेवा. क्ष-किरण अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. ज्या लोहाला वीसहून अधिक इलेक्ट्रॉन उरायला हवे होते त्याला दोन किंवा एकच उरतो. अशा सोललेल्या अणूच्या रेषा अतिनील पट्ट्यात राहतच नाहीत. प्रकाश तोच, वायू तोच, पण धक्का बसायला जागा उरत नाही. दिव्याभोवतीचा वारा वेग घेण्याचे थांबवतो आणि मिळालेल्या वेगानेच पुढे सरकतो.

किती दूरपर्यंत हे घडते हे एका राशीवरून ठरते : क्ष-किरणांची शक्ती भागिले (घनता गुणिले अंतराचा वर्ग). टार्टर, टकर आणि साल्पीटर यांनी १९६९ साली ही राशी वापरात आणली, आणि हॅचेट व मॅक्रे यांनी १९७७ साली ती अशा जोड्यांच्या वाऱ्याला लावून दाखवली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कक्षेजवळ वाऱ्याची घनता दर घन सेंटिमीटरला काही अब्ज कण एवढी निघते; आपल्या श्वासातल्या हवेपेक्षा ती शेकडो कोटी पटींनी विरळ. या घनतेला दिव्यापासून कोटीभर किलोमीटरपर्यंत सिलिकॉनला एक-दोनच इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. म्हणजे दिव्याने प्रकाशित केलेला प्रदेश आणि दिव्याने बिघडवलेला प्रदेश एकच आहे.

यातून एक परतफेर तयार होतो. वारा मंदावला की पकड वाढते, दिवा प्रखर होतो, वारा आणखी मंदावतो. हा फेर अमर्याद वाढत नाही, कारण ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळचा दाट वायू क्ष-किरणांना सहज दाद देत नाही. पण ज्याला आपण 'या ताऱ्याच्या वाऱ्याचा वेग' म्हणतो तो दिव्याच्या बाजूला एक आणि पाठच्या बाजूला दुसरा असतो हे यातून स्पष्ट होते. एचडी ७७५८१ ला एकच वेग चिकटवून त्यावर पुढची गणिते करण्याची सवय आता सोडायला हवी असे मला ठामपणे वाटते. सोयीसाठी धरलेला तो आकडा होता, सोय संपली.

रोखलेल्या वाऱ्याची खूण कक्षेतही दिसते. न्यूट्रॉन तारा पुढे जातो, त्याच्या मागे मंदावलेला वायू राहतो, आणि ताऱ्याकडून येणारा ताजा, वेगवान वारा त्या मंद वायूवर मागून येऊन आदळतो. तिथे दाट भिंत उभी राहते आणि दिव्यामागे वळणदार शेपटासारखी पसरते. ब्लाँडिन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास संगणकावर हे प्रवाह सोडवले तेव्हा हे शेपूट स्पष्ट उमटले. निरीक्षणात ते असे सापडते : ग्रहण सुटल्यावर पहिल्या पाव फेरीत क्ष-किरणांचे शोषण कमी होत जाते, न्यूट्रॉन तारा आपल्या पुढ्यात आल्यानंतर, अर्ध्या फेरीच्या सुमारास, ते दहापटीने किंवा त्याहूनही वाढते आणि पुढच्या ग्रहणापर्यंत चढेच राहते. वारा सर्व बाजूंनी सारखा असता तर ग्रहणाच्या आधीचे आणि नंतरचे शोषण एकमेकांची प्रतिबिंबे असती. ती तशी नाहीत, कारण उत्तरार्धात आपण त्या शेपटातून पाहत असतो.

ग्रहणाचा उपयोग

न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्यामागे गेला की थेट येणारे क्ष-किरण तुटतात. निरीक्षण थांबवण्याची ती वेळ वाटेल. वाऱ्याच्या अभ्यासकासाठी मात्र तीच सर्वांत मोलाची. दिवा झाकला गेला तरी त्याने उजळलेला वारा ताऱ्याच्या कडेबाहेर पसरलेलाच असतो, आणि त्याचे स्वतःचे उत्सर्जन आता कुठल्याही झगमगाटाशिवाय दिसते.

ही युक्ती आपल्या किनाऱ्याला परिचयाची आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, सूर्यबिंब झाकले गेल्यावर कडेच्या ज्वाळांचा वर्णपट फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सनने गुंटूर येथे पाहिला आणि त्यातून पुढे हेलियमची कथा सुरू झाली. विजयदुर्गावरील 'साहेबाच्या ओट्यां'शी आपल्याकडे हीच कथा जोडली जाते. पण १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गात नव्हते. त्यांनी त्या ज्वाळांच्या रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय पाहिल्या. विजयदुर्गात ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणांची ही सरमिसळ पाठ्यपुस्तकांपलीकडे पोचली आहे म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच : प्रखर बिंब झाका, म्हणजे भोवतालचा विरळ वायू बोलू लागतो.

व्हेला एक्स-१ च्या ग्रहणात तो काय बोलतो? १९९३ साली उडालेल्या जपानच्या 'आस्का' उपग्रहाने ग्रहणातला वर्णपट घेतला. १९९९ साली साको आणि सहकाऱ्यांनी त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. या विषयातला तो कळीचा निबंध आहे असे मी मानतो. वर्णपटात एकीकडे निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक यांच्या एक-दोन इलेक्ट्रॉन उरलेल्या अणूंच्या रेषा होत्या. त्या तर हव्यातच. दिव्याजवळचा वायू सोलला जाणारच. पण त्याच वर्णपटात फारसे न सोललेल्या लोहाची ६.४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची प्रतिदीप्त रेषा आणि सिलिकॉन, गंधक यांच्याही तशाच रेषा ठळक होत्या. एकाच प्रकाशात न्हालेला वायू एकाच वेळी जवळजवळ नागडा आणि जवळजवळ पुरता पांघरलेला कसा असेल?

वर दिलेल्या राशीत उत्तर आहे. शक्ती आणि अंतर तेच असताना अणू कमी सोलला गेला असेल तर घनता जास्त असली पाहिजे. म्हणजे त्याच जागेत विरळ वायू आणि दाट वायू शेजारी शेजारी आहेत. साको यांच्या हिशेबात वाऱ्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तुमान दाट, थंड गुठळ्यांत होते आणि या गुठळ्यांनी पाच टक्क्यांहून कमी जागा व्यापली होती. उरलेली पंचाण्णव टक्के जागा विरळ, सोललेल्या वायूची. जो प्रश्न ताऱ्याच्या स्वतःच्या प्रकाशात सुटत नव्हता तो आतल्या दिव्याने असा सोडवला.

गुठळ्या का होतात हे सिद्धान्ताला आधीच ठाऊक होते. रेषांच्या धक्क्याने चालणारा वारा स्वभावतःच अस्थिर असतो : शेजाऱ्यांपेक्षा थोडा पुढे गेलेला वायू त्यांच्या सावलीतून बाहेर पडतो, त्याला जास्त प्रकाश मिळतो, तो आणखी पुढे जातो आणि पुढच्या संथ वायूवर आपटतो. ओवोकी आणि रायबिकी यांनी १९८४ साली याचे गणित मांडले. तरीही कित्येक वर्षे एकजिनसी वाऱ्याची सूत्रे वापरली जात राहिली, कारण ती हाताला सोपी होती.

बारीक दातांची फणी

आस्काच्या उपकरणांत शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळत. १९९९ च्या जुलैत 'चंद्रा' ही वेधशाळा उडाली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून तिचे नाव ठेवलेले. तिच्या जाळीने सिलिकॉनच्या पट्ट्यात सेकंदाला सहाशे किलोमीटरच्या आसपास फरक ओळखण्याइतके बारीक दात या अभ्यासाला दिले. शुल्झ आणि सहकाऱ्यांना ग्रहणातल्या वर्णपटात निऑनच्या पुनर्संयोगाची अरुंद पट्टी मिळाली. मोकळा इलेक्ट्रॉन अणूत परत येतो तेव्हा तो आपल्या गतीची ऊर्जाही प्रकाशात मिसळतो, म्हणून या पट्टीची रुंदी म्हणजे इलेक्ट्रॉनांचे तापमान. ते निघाले एक लाख केल्विनच्या थोडे वर. केवळ उष्णतेने निऑन इतके सोलायचे तर तापमान दशलक्षांच्या घरात लागते. तेव्हा हा वायू तापून सोललेला नाही, क्ष-किरणांनी सोललेला आहे.

२००६ साली वातानाबे आणि सहकाऱ्यांनी चंद्राचे तीन टप्प्यांवरचे वर्णपट एकत्र मांडले : ग्रहणात, पाव फेरीवर आणि अर्ध्या फेरीवर. रेषांचे सरकणे सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा कमी होते. आपल्याला जो वायू रेषांत दिसतो तोच दिव्याने मंदावलेला आहे, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे सिलिकॉनच्या एकामागून एक टप्प्यांच्या रेषा, पाच-सहा इलेक्ट्रॉन गेलेल्या अणूपासून जवळजवळ पूर्ण सोललेल्या अणूपर्यंत, वेगवेगळ्या ओळखता आल्या, आणि 'दाट' व 'विरळ' या दोन खणांमध्येही अनेक पायऱ्या आहेत हे दिसले.

लोहाच्या पट्ट्यात मात्र चंद्राची फणी जाड पडते. तिथे आता 'एक्सरिझम' आहे. ७ सप्टेंबर २०२३ रोजी उडालेल्या या जपानी नेतृत्वाखालच्या वेधशाळेत निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या विसाव्या भागाइतक्या तापमानाला ठेवलेला तापमापी प्रत्येक क्ष-किरणकणाने झालेली तापमानवाढ मोजतो. सहा किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला त्याची विभेदनक्षमता सुमारे पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वेगाच्या भाषेत सेकंदाला अडीचशे किलोमीटरच्या आत. त्याचे एक झाकण उघडले नाही, त्यामुळे १.७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचा प्रकाश त्याला मिळत नाही. तरी सिलिकॉनसाठी चंद्रा आणि लोहासाठी एक्सरिझम अशी वाटणी जमते, आणि लोहाची रेषा गुठळ्यांतून येते की ताऱ्याच्या पृष्ठभागावरून परतते हे वेगावरून वेगळे करण्याची सोय झाली आहे.

भडके आणि विझणे

व्हेला एक्स-१ स्थिर जळत नाही. तास-दोन तासांत त्याची प्रखरता अनेक पटींनी चढते. 'इंटिग्रल' उपग्रहाने प्रचंड भडके टिपले आहेत. उलट कधी कधी तो काही मिनिटे जवळजवळ विझतो आणि पुन्हा पेटतो. गुठळ्या सिद्ध झाल्यावर सोपे स्पष्टीकरण पुढे आले : गुठळी पडली की भडका, पोकळी आली की अंधार. हे चित्र मोहक आहे. मला ते अपुरे वाटते.

न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याच्या इतका जवळ आहे की तिथवर गुठळ्यांना वाढायला वेळच मिळत नाही. त्या लहान आणि पुष्कळ असतात. एकोणीस लाख किलोमीटरच्या पकडीत एकाच वेळी अनेक गुठळ्या येतात आणि त्यांची सरासरी होते. शिवाय न्यूट्रॉन ताऱ्यासमोर आघाताची एक कमान उभी असते, तिच्यातून जाताना गुठळी चेपते आणि मिसळते. एल मेल्लाह, सुंडक्विस्ट आणि केपन्स यांनी २०१८ साली केलेल्या त्रिमितीय गणनांत गुठळ्यांनी घडवलेला चढउतार प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षा कमी भरला. उरलेला चढउतार आतून, म्हणजे चुंबकीय दारातून यायला हवा : वायू दाराबाहेर साचतो, थंड होतो आणि एकदम आत कोसळतो. 'सुझाकू' उपग्रहाच्या नोंदींत विझलेल्या अवस्थेतही स्पंदन आढळले आहे. म्हणजे तेव्हाही वायूची धार पूर्ण तुटलेली नसते, पाझर चालू असतो. भडक्यांवरून थेट गुठळ्यांचे वजन काढणाऱ्या निबंधांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे. गुठळ्यांचा भरवशाचा पुरावा वर्णपटात आणि क्षणोक्षणी बदलणाऱ्या शोषणात आहे.

हे दोन पुरावे एकत्र मिळवायचे तर मऊ आणि कठीण क्ष-किरण एकाच वेळी टिपावे लागतात : मऊ किरणांतून शोषण, कठीण किरणांतून दिव्याची खरी प्रखरता. भारताचा 'ॲस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ रोजी उडाला तो नेमका हा जोड घेऊन. त्याची मऊ क्ष-किरण दुर्बीण आणि मोठ्या क्षेत्रफळाचे शोधक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले, आणि कठीण क्ष-किरणांच्या प्रतिमाग्राहकाच्या कामात पुण्याच्या 'आयुका'चाही वाटा आहे. ॲस्ट्रोसॅटच्या निरीक्षणांची विदा ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यावी, एखाद्या वारा-पोषित जोडीचे कक्षेनुसार शोषण स्वतः काढून पाहावे. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही, कुणाची शिफारसही लागत नाही.

आणि ज्यांना एवढे करायचे नाही त्यांनी तारा तरी पाहावा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, महाराष्ट्रातून दक्षिणेकडे तोंड करावे. उजव्या हाताला खाली अगस्त्य असेल. समोर, क्षितिजापासून सुमारे सत्तावीस अंशांवर 'सुहैल' हा व्हेला समूहातला तांबूस ठळक तारा सापडतो. त्याच्या वर, किंचित उजवीकडे, तीन अंशांवर एचडी ७७५८१ आहे. त्याची दृश्यप्रत ६.९, नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेच्या जरा पलीकडची. पण अंधाऱ्या गावी साध्या द्विनेत्रीत सुहैल आणि तो एकाच दृश्यात बसतात. ताऱ्यांचा नकाशा जवळ ठेवावा. मधल्या धुळीने त्याचे निळेपण खाल्लेले असल्याने तो पांढुरकाच दिसेल.